सोडून आलेल्या घराची स्वप्नं

(गुहागर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गणित शिकवत. त्यांच्या नावाच्या मालेत स्वप्नासारखा निसरडा विषय घ्यावा का, अशी शंका मी संयोजकांकडे काढली. ‘घ्या हो, गणपतीत निम्मं गाव त्यावरच बोलत असतं,’ असं उत्तर आलं. खरंच आहे ते. वर्षभर कुलपात असलेली इथली घरं शिमग्याला नि गणपतीला उघडतात. मुंबईकर येतात, जाळीजळमटं काढतात, ओटीवर टेकतात, आणि चहा होईतो कुणीतरी म्हणतंच, ‘गेला महिनाभर सारखं घर दिसतंय हो स्वप्नात.’ लगेच कोपऱ्यातून दुसरं म्हणतं, ‘मला पण.’ मग अर्थ लावणं सुरू होतं. घर बोलावतंय. पितरांचं काहीतरी राहिलंय. कुळाचार चुकला. आणि एखादा व्यवहारी चुलता असतोच, तो म्हणतो, ‘काही नाही, रात्री वाल जास्त झाले.’

मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं आणि अशी स्वप्नं पुष्कळ ऐकली. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना मनातल्या मनात भांडायला वेळ मिळेल. जुनं घर स्वप्नात येतं ते बहुतेक वेळा जुन्या घराबद्दल नसतंच. आज जे काही डोक्यात चाललेलं आहे ते मांडायला मनाला जागा लागते, आणि जी जागा सगळ्यांत पाठ असते तिथे मन ते मांडतं. तेव्हा घर दिसलं यात फारसं काही नाही. घरात काय चाललं होतं, ते विचारायचं.

एका बहीण-भावाचं उदाहरण देते. नावगाव सांगत नाही, पण घर याच तालुक्यातलं, चिरेबंदी जोत्याचं, मंगलोरी कौलांचं, मागे पोफळीची वाडी. बहीण डोंबिवलीत, बँकेत नोकरी केलेली. निवृत्त झाली त्या वर्षापासून तिला एक स्वप्न पडायला लागलं. ती माजघरातून बाळंतिणीच्या खोलीत जाते आणि तिथल्या भिंतीला आणखी एक दार दिसतं. दारामागे खोली. नुकती सारवलेली, रिकामी, वरच्या काचेच्या कौलातून उन्हाचा पट्टा खाली आलेला. इतकी वर्षं ही खोली आपल्या कशी लक्षात आली नाही, याचं तिला स्वप्नातच नवल वाटतं आणि जाग येते ती आनंदात. आता भावाचं ऐका. घर तेच. त्याच्या स्वप्नात पावसाळा असतो, माजघराच्या भिंतीतून पाणी पाझरत असतं, तो हात लावून ते थांबवायला बघतो आणि वरून वाळवी लागलेल्या वाशाचा भुसा त्याच्या डोक्यावर पडतो. घरपट्टी कोण भरतं? भाऊ. दर दोन वर्षांनी कौलं परतून कोण घेतं? भाऊ. चार चुलत भावंडांना फोन करून वर्गणी मागताना कुणाच्या तोंडाला फेस येतो? त्याच्याच. बहिणीला साठीच्या उंबऱ्यावर मोकळा वेळ मिळाला होता आणि त्याचं करायचं काय हे ठरत नव्हतं. एकच घर दोघांच्या उशाशी आलं आणि दोघांना आपापला चालू हिशेब दाखवून गेलं. ‘घर बोलावतंय’ असं म्हणायचं, तर ते दोघांना दोन भाषांत कसं बोलावेल?

अमेरिकेत कॅल्विन हॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात साध्या माणसांची हजारो स्वप्नं गोळा केली, त्यांत कोण येतं, कुठे घडतं, काय घडतं याची शांतपणे मोजदाद केली. पुढे विल्यम डॉमहॉफ यांनी ते काम चालवलं. निष्कर्ष आपल्याला नवा नाही: दिवसा जे मनात घोळतं तेच रात्री चालू राहतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्या आज्यांनी मोजदाद न करता सांगून ठेवलं होतं. पण आज्यांच्या म्हणीत एक अडचण आहे. भावाच्या मनी वसत होती घरपट्टी, मग स्वप्नात घरपट्टीची पावती का दिसू नये? माजघरच का?

इथे मी माझं स्वतःचं सांगते. आमच्या माजघराची सारवलेली जमीन काढून फरशी घातली त्याला किती वर्षं झाली. त्या फरशीवर मी झोपले आहे, जेवले आहे, तिच्यावरून घसरले आहे. पण स्वप्नात आजतागायत फरशी आलेली नाही. तिथे सारवलेलीच जमीन असते, उंबऱ्याशी जरा खोलगट झालेली, आणि ती ओलांडताना पाऊल आपोआप उंच पडतं. जुन्या घरांतली मंडळी हेच सांगतात. दिवे विजेचे झाले तरी स्वप्नात कंदील. विहिरीवर पंप बसला तरी स्वप्नात रहाट.

याचं एक संभाव्य कारण डोक्यातल्या नकाशात आहे. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, अशा पेशी सापडल्या की ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की चेततात. कोपऱ्यात आला की एक, दाराशी आला की दुसरी. नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ मध्ये त्याच्या शेजारच्या भागात अंतरांचं जाळं विणणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. आपल्या विषयाला अधिक जवळचं काम १९९४ चं आहे, विल्सन आणि मॅकनॉटन यांचं. दिवसा उंदीर ज्या वाटेने फिरला त्या वाटेवरच्या पेशी तो झोपल्यावर पुन्हा एकत्र चेततात, असं त्यांना दिसलं. म्हणजे शरीर पेंढ्यात पडलेलं आणि डोक्यातला नकाशा चालू. उंदराला त्या वेळी स्वप्न पडत असतं का, ते उंदीरच जाणे. तिथून माणसाच्या स्वप्नापर्यंतची उडी मोठी आहे आणि ती पुरती सिद्ध झाली आहे असं मी म्हणणार नाही. पण दिशा मला पटते. लहानपणी अंधारात, दिवा न लावता, झोपेत उठून मागीलदारी जाण्याइतकं जे घर पायांना पाठ झालेलं असतं, त्याच्याइतका पक्का नकाशा पुढच्या कुठल्याही भाड्याच्या खोलीचा तयार होत नाही.

आणखी एक गंमत पाहा. घराची आठवण सांगा म्हटलं की जागेपणी माणसं आधी वास सांगतात. पहिल्या पावसात जांभ्याला येणारा, न्हाणीघरातल्या धुराचा, माळ्यावर आढी घातलेल्या आंब्यांचा. स्वप्नात मात्र वास जवळजवळ नसतोच. स्वप्नांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकांना वास आणि चव फार क्वचित आढळतात. स्वप्नात आपण बघतो आणि चालतो. पाखाडी उतरतो, बेडं ढकलतो, पडवीतून आत जातो. हुरहुर जी असते ती नाकात असते. स्वप्न पायांचं असतं. म्हणून जुन्या घराचं स्वप्न पडलं म्हणजे माणूस आठवणीने झुरतोय, हे समीकरण मला कच्चं वाटतं. झुरणाऱ्याला आधी वास यायला हवा होता.

याचा पडताळा गुहागरात घरबसल्या मिळतो. इथला व्याडेश्वर कितीतरी चित्पावन घराण्यांचं कुलदैवत. पुण्याहून, इंदूर-बडोद्याहून, थेट अमेरिकेतून माणसं अभिषेकाला येतात. त्यांच्या पणजोबांनी गाव सोडलेलं. दर्शन झालं की सांगतात, ‘हे आमचं मूळ गाव.’ डोळ्यांत पाणी असतं, खोटं नसतं ते. मी अशांना संधी मिळाली की विचारते, स्वप्नात कोणतं घर येतं? कुणी म्हणतं सदाशिव पेठेतला वाडा, नळावरच्या रांगेसकट. कुणी म्हणतं दादरची चाळ, तिसरा मजला. गुहागर कुणी म्हणत नाही. मूळ गाव वहीत असतं, कुलवृत्तांतात असतं. स्वप्नातलं घर तेच, जिथे आपण रांगलो. त्याला गोत्र नसतं आणि सातबाराही नसतो.

तुम्ही म्हणाल, फ्रॉइड आणि युंग यांचं नाव अजून कसं आलं नाही? फ्रॉइडने घराचा आणि ‘इथे आपण पूर्वी आलो आहोत’ या भावनेचा जो अर्थ लावला, तो पुढच्या रांगेत इतकी ज्येष्ठ मंडळी बसलेली असताना सांगण्यासारखा नाही. युंगचा किस्सा सांगते. १९०९ साली दोघं बोटीने अमेरिकेला निघाले होते आणि वेळ जायला एकमेकांची स्वप्नं उकलत होते. युंगला घराचं स्वप्न पडलं: वरचा मजला जुन्या उंची सामानाचा, खालचा त्याहून कितीतरी जुना, त्याखाली रोमन काळाचं तळघर, त्याच्याही खाली गुहा, आणि गुहेत दोन कवट्या. फ्रॉइडने बाकी घर सोडलं आणि कवट्याच धरल्या. कुणाच्या त्या, कुणी मरावं असं तुला वाटतं? युंगने भांडण नको म्हणून बायकोचं आणि मेहुणीचं नाव सांगून टाकलं. चक्क थाप. त्याला स्वतःला ते घर म्हणजे माणसाच्या मनाचे थर वाटत होते. दोन थोर माणसं, एक स्वप्न, आणि ज्याला जे पाहिजे होतं ते त्याला सापडलं. तेव्हापासून ‘घर म्हणजे अमुक’ असा कोश घेऊन बसणाऱ्यांचा मी धसका घेतला आहे, मग तो कोश व्हिएन्नाचा असो की पंचांगाच्या मागच्या पानावरचा. त्यापेक्षा चरक शहाणा. त्याने स्वप्नांचे सात प्रकार केले: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भविष्य सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. आणि पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत, त्यांवरून शकुन काढू नयेत, असं सांगितलं. लहानपणचं घर पाहिलेलं आणि अनुभवलेलं. वैद्यबुवांच्या हिशेबी ते शकुनाच्या यादीत बसतच नाही.

आता जरा बायकांकडे वळते. घर सुटलं, घर सुटलं म्हणून मुंबईला गेलेल्या पुरुषांनी पुष्कळ लिहिलं. पण आपल्याकडे घर सोडण्याची सक्ती प्रत्येक मुलीवर होती आणि ती दुःखाची गोष्ट आहे असं कुणी मानलं नाही, उलट बँड लावला. माहेरच्या स्वप्नांत मला एक गोष्ट सारखी भेटते. स्वप्नात ती तिथे असते, पण पाहुणी की घरची, हे ठरत नाही. भांडी कुठल्या फळीवर ते आठवत नाही. कुणीतरी म्हणतं ‘बस, तू कशाला उठतेस’ आणि ते ऐकून तिला रडू येतं. पन्नाशी उलटलेल्या, सासरी स्वतःचं राज्य असलेल्या बायकांना हे स्वप्न पडतं. कधी? भाचरांच्या लग्नात, वाटणीच्या कागदांवर ‘हक्कसोड’ म्हणून सही मागितली जाते तेव्हा, आई गेल्यानंतर पहिल्या दिवाळीत. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा दिला. पुष्कळजणी सही करून मोकळ्या होतात, वर ‘मला काय करायचंय’ असं म्हणतात. रात्री भांड्यांची फळी सापडत नाही.

आणि एक स्वप्न मला माझ्याच सिद्धांताला आडवं जाणारं मिळालं. ते सोडून देणं बरं नाही. माझे एक सहकारी, याच किनाऱ्यावरच्या एका गावचे. त्यांचे वडील बागायतदाराकडे शिंपण्याला होते, पोफळींना पाणी लावायचे. मुलगा बरोबर जायचा. त्याचा वावर खळ्यापर्यंत. ओटीची पायरी चढायची नाही, पाणी वरून ओंजळीत. हे गृहस्थ पुढे शिकले, प्राध्यापक झाले, ठाण्यात ऐसपैस घर बांधलं. त्यांना वारंवार येणारं घर स्वतःचं नाही, वडिलांची झोपडीही नाही. त्यांना बागायतदाराचं घर येतं. ते ओटी चढतात, कुणी अडवत नाही, झोपाळा आपला हलतो आहे, माजघराचं दार अर्धं लोटलेलं असतं, ते त्याला हात घालतात आणि जाग येते. पाय जिथे कधी गेलेच नाहीत त्या घराचा नकाशा कुठून आला? माझी पायांची उपपत्ती इथे लंगडते. त्यांनीच मला सांगितलं, ‘बाई, खळ्यात बसून दिवसभर दुसरं काय बघणार? त्या दारावर माझी नजर शाळेपेक्षा जास्त वेळ होती.’ ते स्वप्न सर्वांत जोरात कधी पडलं, तेही त्यांनी सांगितलं: विभागप्रमुखाच्या खोलीत बसायला लागले त्या महिन्यात. ते घर आमचं नव्हतं, पण आमच्यासारखंच होतं, आणि आमच्या ओटीच्या पायरीचा नियमही तोच होता. आमच्या घरातल्या कुणाच्याही स्वप्नात खळ्यात बसलेला मुलगा कधी आल्याचं मी ऐकलेलं नाही.

काहींच्या बाबतीत जाऊन पाहण्याची सोयच उरलेली नाही. कोयनेचं धरण १९६४ मध्ये पुरं झालं आणि शिवसागर जलाशयाखाली गावंच्या गावं गेली. माणसं सांगली-सोलापूरपासून कोकणापर्यंत विखुरली. निसर्गाने कोयना पूर्वेला वाहत ठेवली होती. तिचं पाणी बोगद्यांतून वीजघरांत उतरवून आपण ते पोफळी गावाशी वाशिष्ठीत सोडलं. ते चिपळूणवरून खाली येतं आणि दाभोळ-अंजनवेलच्या मधून समुद्राला मिळतं. कुणाच्या तरी अंगणावर उभं असलेलं पाणी रोज आपल्या तालुक्याच्या दारावरून जातं आहे. माझं माजघर मी गणपतीत जाऊन बघते, फरशी बघते, हसते. बुडालेल्या घराच्या धन्याला असा पडताळा घेता येत नाही. उजनी धरणात उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं आणि माणसं बघायला जातात, त्यामागे नुसतं कुतूहल नसावं. अंजनवेल, वेलदूर, रानवीत ज्यांच्या जमिनी वीज प्रकल्पाच्या कुंपणात गेल्या, त्यांना तर जागा डोळ्यांसमोर दिसते आणि आत जाता येत नाही.

अमेरिकेत बोस्टन शहराचा वेस्ट एंड हा गरीब वस्तीचा भाग १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडला. घरं मोडकळीला आलेली, नवी जागा कित्येकांची आधीपेक्षा बरी. मार्क फ्रीड यांनी तिथल्या माणसांना दोन वर्षांनी गाठलं, तरी पुष्कळांचा शोक चालूच होता, माणूस गेल्यावर होतो तसा. १९६३ चा हा लेख आमच्याकडच्या पुनर्वसन अधिकाऱ्यांना वाचायला द्यावा, असं मला नेहमी वाटतं.

पण २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं, २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली. तिथल्या माणसाला घर दिसलं तर त्याला मी वर सांगितलेलं काही लागू करू नका. ते घर आजच्या काळजीचा रंगमंच म्हणून येत नाही, ती रात्रच पुन्हा येते. आवाज तोच, घटका तीच. याला उपाय आहेत. बॅरी क्राकोव या डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत साधी दिसते: दिवसाउजेडी ते स्वप्न लिहायचं, त्याचा शेवट किंवा कुठलाही भाग आपल्याला हवा तसा बदलायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ मनात चालवायचं. पुष्कळांची दुःस्वप्नं त्याने कमी झाली. जाणकाराच्या मदतीने करावं. ‘विसर आता’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना तेवढा वेळ बाहेर बसवावं.

एरवीचं पुन्हा पुन्हा पडणारं स्वप्न कसं थांबतं? ब्राउन आणि डॉन्डेरी या कॅनडातल्या दोघांनी १९८६ मध्ये तुलना केली. ज्यांचं असं स्वप्न चालू होतं त्यांची मनःस्थिती सरासरीने खालावलेली होती, ज्यांचं येऊन थांबलं होतं त्यांची चांगली. म्हणजे मूळ प्रश्न मार्गी लागला की स्वप्न बहुधा आपणहून दुकान बंद करतं. डोंबिवलीच्या बाईंनी भजनाचा वर्ग काढला, खोली दिसायची थांबली. त्याचं त्यांना वाईट वाटलं, हेही सांगायला हवं. भावाची भिंत अजून पाझरते, कारण चुलत भावंडांनी अजून पैसे दिलेले नाहीत.

आणि देवळात कौल लावणाऱ्यांबद्दल. मी विज्ञान शिकवलेली बाई, तरी गुरवाची टिंगल मला करवत नाही. घर स्वप्नात येतं म्हणून कुणी गेलं की तो पहिला प्रश्न विचारतो, ‘घराकडे शेवटचं कधी गेलास? भावाशी बोलणं आहे का?’ माझ्या खोलीत मी हेच दोन प्रश्न विचारत आले, फक्त फी घेऊन. त्याच्या सांगण्यावरून माणूस येतो, घर उघडतो, भावाबरोबर जेवतो. बरं वाटतं त्याला, वाटणारच. गाडी पुढे कोंबडं-बकरं आणि कुणी करणी केली यावर गेली की मात्र उठावं आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवावा. तेवढ्याने न भागलं तर पोलीस ठाणं फार लांब नाही.

माझी स्वतःची रीत वेगळी आहे. कुणी असं स्वप्न सांगितलं की मी अर्थ सांगत नाही, कागद देते आणि घराचा नकाशा काढायला लावते. मग त्यावर स्वप्नातली वाट पेन्सिलीने ओढायची. कुठे थांबलात, कुठलं दार उघडलं नाही, जास्तीचं काय होतं. अर्ध्या तासात माणूस आपण होऊन बोलायला लागतो, आणि ते बहुधा घराबद्दल नसतंच. सख्ख्या भावंडांचे नकाशेही जुळत नाहीत. भाऊ ओटी ऐसपैस काढतो, तिच्यावरचा झोपाळा, खुंटीवरची छत्रीसुद्धा. बहिणीच्या कागदावर ओटी बोटभर, आणि स्वयंपाकघरापासून विहिरीपर्यंतची वाट दगडादगडासकट.

संयोजकांनी वेळ झाल्याची चिठ्ठी पाठवली आहे. बाहेर टेबलावर कोरे कागद ठेवायला सांगितले आहेत, ज्यांना हवे त्यांनी न्यावेत आणि काढलेले नकाशे घेऊन उद्या सकाळी प्रश्नोत्तरांसाठी यावं. पुरुष मंडळींना एकच सूचना, विहीर काढायला विसरू नका. बहुतेक जण विसरतात.